दहा किलो बर्फ दुपारपर्यंत कुठे गेला? नागावच्या दोन रात्रींचं प्रकरण

पार्श्वभूमी

गिरगावातल्या एकाच चाळीत वाढलेली आणि आता गिरगाव, बोरिवली नि ठाण्यात पांगलेली तीन बिऱ्हाडं. मोठी माणसं सात, पोरं चार. मे महिन्यातला शुक्रवार ते रविवार अलिबागजवळ नागावला एका नारळ-सुपारीच्या वाडीत तंबू ठोकून राहायचं आणि स्वयंपाक आपणच करायचा, असा बेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, नात्यांवरून ओळखा. आइसबॉक्स माझा होता आणि तो भरायची जबाबदारीही माझीच. तेव्हा पुढे जे बिघडलं त्यातलं बरंचसं माझ्या खात्यावर आहे.

पेटी पन्नास लिटरची, चाकांची, कडक प्लॅस्टिकची. जाहिरातीत लिहिलं होतं, बर्फ तीन दिवस टिकतो. गुरुवारी दिवसभर ती आमच्या गॅलरीत उन्हात पडून होती. शुक्रवारी पहाटे पाचला दुकानातून दहा किलो बर्फाचे खडे आणले आणि पेटी भरली. पाणी, कोकम सरबत नि सोडा मिळून पंधरा बाटल्या, सगळ्या एक-एक लिटरच्या आणि कपाटातून काढलेल्या, म्हणजे घरच्या तापमानाच्या. फ्रीजमधलं सामान तेवढं थंड होतं: मसाला लावलेलं दोन किलो चिकन, दुधाच्या चार पिशव्या, दही, लोणी. शिवाय थोरल्या काकांचं इन्सुलिनचं पेन, रुमालात गुंडाळून एका छोट्या डब्यात.

भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीची वाट बघताना वहिनींनी दोन किलो सुरमई घेतली. मासेवाल्या मावशींनी ती बर्फाचा चुरा घालून थर्माकोलच्या खोक्यात भरून दिली. हा खोका पुढे फार कामाला आला. बोटीचा तासभर आम्ही वरच्या डेकवर वारा खात होतो. पेटी खाली गाडीच्या डिकीत होती.

काय बिघडलं

नागावला पोचून तंबू उभे राहीपर्यंत साडेदहा झाले. तेव्हा पेटीत बर्फ होता, पण निम्माही नव्हता. पोरांनी पाण्यावर हल्ला चढवला. एक बाटली काढली की एक नवी आत टाकायची, हा नियम मीच घालून दिला होता. मला तो फार शहाणपणाचा वाटला होता.

एकच्या सुमारास भाच्यानं पेटी उघडली तेव्हा त्याला "चार-पाच तुकडे" तरंगताना दिसले. तीन वाजता वहिनींनी चिकन काढायला झाकण उघडलं तेव्हा एकही नव्हता. पाणी गारच लागत होतं, पण ते लालसर झालं होतं. चिकनच्या पिशवीची गाठ सुटली होती आणि मसाल्याचं, कच्च्या चिकनचं पाणी सगळ्या बाटल्यांभोवती फिरत होतं. दुधाच्या पिशव्या त्याच पाण्यात. इन्सुलिनचा डबा तळाशी, झाकणापर्यंत बुडालेला.

आता प्रश्न तीन झाले. चिकन खायचं की टाकायचं? ज्या बाटल्यांना पोरांनी तोंड लावायचं, त्यांचं काय करायचं? आणि अजून दोन दिवस काढायचे आहेत ते कशावर?

तापमान मोजायला काहीच नव्हतं. ताप मोजायचा थर्मामीटर काकांच्या पिशवीत होता, पण तो बत्तीसच्या खाली जात नाही. शेवटी एक साधी खूण धरली: बर्फाचे तुकडे तरंगताहेत तोवर आजूबाजूचं पाणी शून्याच्या जवळ असतं. शेवटचा तुकडा गेला की घड्याळ सुरू. आमचा शेवटचा तुकडा एक ते तीनच्या मध्ये कधीतरी गेला होता. कच्चं मांस पाच अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहू नये, आणि कडक उन्हाळ्यात उघड्यावर तासाभराहून जास्त नको, असा सर्वसाधारण नियम आहे. इथे चिकन उघड्यावर नव्हतं, गार पाण्यात बुडालेलं होतं. ते ताबडतोब चुलीवर चढवायचं ठरलं. दूध उकळलं. बाटल्या साबणानं धुतल्या. पेटीतलं पाणी वाडीबाहेर लांब ओतलं आणि पेटीही घासली.

हिशेब

रात्रीच्या जेवणाला बसायच्या आधी भाचा (दहावीची परीक्षा नुकतीच झालेली) आणि मी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. अप्रकट उष्मा (तापमान न बदलता नुसतं वितळायला लागणारी उष्णता) दहावीच्या विज्ञानात असतोच. एक किलो बर्फ वितळायला ८० किलोकॅलरी लागतात आणि एक किलो पाणी एक अंश गार करायला १ किलोकॅलरी काढून घ्यावी लागते.

पंधरा लिटर पाणी ३२ अंशांवरून ५ वर आणायचं म्हणजे २७ अंश. १५ गुणिले २७, झाले ४०५. भागिले ८०, झाला साधारण पाच किलो बर्फ.

म्हणजे पहाटे पाचला मी दहा किलो बर्फ आत घातला आणि त्यातला पाच किलो, मी सोबत ठेवलेल्या बाटल्यांनीच खाल्ला. पेटीच्या भिंती चांगल्या की वाईट, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसरा आकडा "काढली की टाक" या नियमाचा. दुपारपर्यंत सहा नव्या बाटल्या आत गेल्या. सहा गुणिले २७ भागिले ८०, म्हणजे आणखी दोन किलो. उरलेले तीनेक किलो भिंतींमधून आणि झाकणातून आलेल्या उष्णतेनं गेले. पेटी स्वतः आदल्या दिवशी उन्हात तापली होती, तिला गार करण्यात थोडा गेला तोही त्यातच.

सगळ्यांचा संशय मात्र झाकणावर होता. "पोरं सारखी उघडत होती, म्हणून वितळला" हे वाक्य दुपारपासून चार वेळा ऐकलं होतं. भाच्यानं तेही मोजलं. पन्नास लिटरच्या पेटीतली सगळी हवा बाहेर गेली आणि तितकीच गरम, दमट हवा आत आली, तरी तिच्यानं वितळतो जेमतेम दहा-पंधरा ग्रॅम बर्फ. चाळीस वेळा उघडली तरी अर्धा-पाऊण किलो. नुकसान आहे, पण दोष त्याचा नाही. दोष आत टाकलेल्या कोमट बाटल्यांचा, म्हणजे माझा. पोरांना हे फार आवडलं.

समोर असलेले पर्याय

पहिला, सगळं गुंडाळायचं. म्हणजे सुरमईही त्याच रात्री तळून टाकायची आणि उरलेले दोन दिवस अलिबागच्या खानावळीत जेवायचं. काकांचं मत हेच होतं, आणि ते अगदीच चुकीचं नव्हतं.

दुसरा, वाडीवाल्या काकूंचा फ्रीज. काकू लगेच हो म्हणाल्या, पण त्यांच्या घरातही सहा माणसं होती आणि दुपारची वीज जात-येत होती. अकरा माणसांचं सामान दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये कोंबणं कुणालाच बरं वाटेना. तिथे फक्त इन्सुलिन ठेवायचं ठरलं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन साधारण तीस अंशांच्या खाली असेल तर काही आठवडे बाहेर चालतं, पण मे महिन्यातला तंबू दुपारी तीसच्या खाली राहत नाही. फ्रीजचं दार सारखं उघडलं नाही तर तासाभराच्या वीजजाण्यानं आतलं फारसं तापत नाही. पेन दाराच्या कप्प्यात गेलं.

तिसरा, नवा बर्फ आणि त्यात मीठ. हे सुचवलं ठाण्याच्या दादानं. लहानपणी चाळीत हातानं फिरवायच्या पॉटमध्ये आइस्क्रीम केलेलं सगळ्यांना आठवत होतं. बर्फात खडा मीठ घातलं की तो शून्याच्या खाली जातो, हे खरंच आहे. पण तो खाली जातो तो वेगानं वितळूनच. आइस्क्रीम गोठवायला ते हवं असतं, बर्फ टिकवायला नको. शिवाय इन्सुलिन गोठलं की ते निकामी होतं, मग पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं. पेन अजून पेटीत असताना कुणी मीठ घातलं असतं तर? त्याच कारणानं फ्रीजरमधून थेट काढलेले जेलचे पॅकही औषधाला चिकटवून ठेवू नयेत. ते शून्याच्या बरेच खाली असतात. वितळत असलेला साधा बर्फ त्यामानानं निरुपद्रवी.

चौथा, ओलं गोणपाट. पेटीवर ओलं गोणपाट टाकावं, माठासारखी गार राहील, असं काकांचं म्हणणं. नागपूरला कदाचित राहिली असती. कोकणात मे महिन्यात हवाच इतकी ओली की गोणपाटातलं पाणी धड उडत नाही. वारा असेल तर दोन-चार अंशांचा फरक पडेल, त्यापेक्षा जास्त नाही.

पाचवा, गोधडी. इथे खरा वाद झाला. आजी ठाम होती: "अगं, गोधडी घातली की उबेल ना ते! बर्फाला कुणी पांघरूण घालतं का?" तिला पटवायला दादानं एक जुनी गोष्ट सांगितली. १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजानं तळ्यातला बर्फ कलकत्त्याला आला. निघताना सुमारे १८० टन, चार महिन्यांनी पोचताना सुमारे १००, आणि वाटेत त्याला गार ठेवणारं यंत्र कुठलंही नव्हतं, होता तो लाकडाचा भुसा. मुंबईतही पुढे असाच बर्फ येऊ लागला आणि तो साठवायला फोर्टात बर्फघर होतं. आजीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग लाद्यांच्या हातगाडीवर गोणपाट असतं ते त्यासाठी होय!" पांघरूण उष्णता तयार करत नाही, फक्त अडवते, माणसाची आत अडवते, बर्फाच्या बाबतीत बाहेरची बाहेर. गोधडी मात्र कोरडी हवी. म्हणून चौथा आणि पाचवा पर्याय एकत्र करायचे नाहीत, हेही ठरलं.

काय केलं

सहाच्या सुमारास दादा आणि मी बर्फ शोधायला निघालो. कोल्ड्रिंकच्या दुकानात खड्यांच्या पिशव्या होत्या. मासे भरणाऱ्याकडे लादी होती, स्वस्तही होती, पण निळसर. २०१८ पासून असा नियम आहे की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा, म्हणजे तो गोळ्यात किंवा सरबतात जाऊ नये. त्या लादीचं पाणी पिण्याजोगं असेलच असं नाही, एवढाच त्या निळ्याचा अर्थ.

मला लादी हवी होती. तेवढ्याच वजनाच्या खड्यांपेक्षा एकसंध तुकड्याचा पृष्ठभाग फार कमी, त्यामुळे तो सावकाश वितळतो. वहिनींना निळा बर्फ नको होता. दुपारी गाठ सुटली ती पुन्हा सुटणार नाही कशावरून, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. तोडगा असा निघाला: लादीचा तुकडा दोन जाड पिशव्यांत घट्ट बांधायचा, आणि खायचं सगळं पिशव्यांतून काढून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरायचं. सरबताच्या बर्फासाठी खडे वेगळे घ्यायचे.

लादी फोडणाऱ्यानं माझ्याकडून पेटीची लांबी वितीनं मोजून घेतली. टोच्यानं लादीवर एक रेघ ओढली, त्या रेघेवर तीन ठिकाणी टोचा हलकेच मारला आणि चौथ्यांदा जरा जोरात. लादी करकचून सुतासारखी सरळ तुटली. बारा किलोचा तुकडा, चुरा मूठभरही नाही. घरी मी बत्त्यानं बर्फ फोडतो तेव्हा निम्मा ओट्यावर उडतो.

वाडीवर आल्यावर सामानाची वाटणी केली. खाण्याची पेटी वेगळी, पिण्याची वेगळी. आइसबॉक्समध्ये लादी आणि जेवणाचे डबे. ती दिवसातून तीनदाच उघडायची आणि उघडायची ती वहिनींनीच. थर्माकोलचा खोका घासून त्यात चार किलो खडे आणि बाटल्या. तो पोरांचा, हवा तितक्या वेळा उघडा.

झाकणावर टकटक केली तर आतून पोकळ आवाज आला. भिंतींत फोम होता, झाकणात नुसती हवा. स्वस्त पेट्यांत हे सर्रास असतं, आणि विकत घेताना झाकण वाजवून बघायचं मला कधी सुचलं नव्हतं. त्यावर थर्माकोलच्या एका फुटक्या खोक्याचा तुकडा ठेवला आणि मग आजीची गोधडी. पेटी आंब्याच्या सावलीत, जमिनीपासून दोन विटांवर. दुपारी सावली सरकली तशी तीही सरकवली.

शेवटची युक्ती वाडीवाल्या काकूंची. "बाटल्या आधी विहिरीत सोडा की," त्या सहज म्हणाल्या. विहिरीचं पाणी साधारण सत्तावीस अंशांचं असावं. बादलीत बाटल्या भरून दोरानं तासभर खाली सोडल्या की बत्तीसची बाटली सत्तावीसवर येते, म्हणजे सत्तावीसपैकी पाच अंशांचं काम फुकटात होतं. आमच्या वहीतल्या सगळ्या आकडेमोडीत ही गोष्ट कुठेच नव्हती.

निष्पन्न

शनिवारी सकाळी सहाला लादीच्या पिशवीतलं पाणी एका रिकाम्या बाटलीनं मोजलं. रात्री दहापासून आठ तासांत दोन लिटर. (ती बाटली नंतर फेकली, निळं पाणी लागलेलं.) म्हणजे तासाला पाव किलो. आदल्या दिवशी भिंती-झाकणातून तीनेक किलो आठ-दहा तासांत गेला होता, म्हणजे तासाला साधारण एक तृतीयांश किलो; हा वेग त्याच्या पाऊणपट. रात्र जरा गार असते हे धरलं तरी गोधडीनं आपलं काम केलं होतं. आजीनं हा आकडा दोनदा सांगायला लावला.

पोरांच्या खोक्यातला बर्फ शनिवारी दुपारीच संपला. त्यात पुन्हा चार किलो आणले. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नव्हतंच. सुरमई शनिवारी रात्री तळली, सकाळइतकीच ताठ होती. रविवारी दुपारी सामान आवरताना पेटीत नारळाएवढा बर्फाचा तुकडा शिल्लक होता. दही फुटलं नव्हतं. चिकन शुक्रवारी खाल्लेल्या कुणालाही त्रास झाला नाही, पण ते नशीब म्हणायचं. शेवटचा तुकडा एक वाजता गेला की तीनला हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि आमच्यात अगदी लहान मूल किंवा गरोदर बाई असती तर मी ते चिकन टाकलंच असतं.

पुढच्या वेळी

साचलेलं पाणी काढायचं की ठेवायचं, यावर आमचं अजून एकमत नाही. माझं मत: ठेवायचं. ते पाणी शून्याच्या जवळ असतं, बाटल्यांना चहूकडून चिकटून गार करतं, आणि काढलं की त्याच्या जागी बत्तीसची हवा येते. पण हे पिण्याच्या पेटीपुरतं. कच्चं मांस-मासे असतील तिथे वहिनींचं खरं: पाणी साचूच द्यायचं नाही, आणि चिकन पिशवीत मुळीच नाही, डब्यात.

चिकन मसाला लावून आधी दोन दिवस फ्रीजरमध्ये दगडासारखं करायचं. मग ते स्वतःच दीडेक किलो बर्फाचं काम करतं. पेटी आदल्या रात्री घरात आणून त्यात थोडा बर्फ टाकून गार करायची आणि सकाळी तो फेकायचा. त्या किलोभर बर्फाचा जीव तुटतो, पण तो नाहीतर वाटेत जाणारच आहे. बाटल्या दोन दिवस आधी फ्रीजमध्ये. नुसत्या पाच अंशांवर आणल्या तरी ते पहिले पाच किलो वाचतात.

इन्सुलिनच्या बाबतीत मी चुकलो ते बर्फात नाही, जागेत. ज्या पेटीला अकरा माणसांचे हात लागतात तिच्या तळाशी औषध ठेवायचंच नव्हतं. पुढच्या वेळी त्याची छोटी वेगळी पिशवी, काकांच्याच हातात.

आणि विकतच्या खड्यांऐवजी घरीच लिटरच्या बाटल्या गोठवायच्या, वर दोन बोटं जागा सोडून, कारण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं. वितळलं की तेच प्यायचं पाणी. तीन घरांचे तीन फ्रीजर, प्रत्येकी चार बाटल्या, म्हणजे बारा किलो बर्फ फुकट. कागदावर हे फारच छान दिसतं. वहिनींना फोन करून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मे महिन्यात? फ्रीजरमध्ये वर्षभराचा आमरस भरलेला असतो माझ्या. बाटल्या ठेवायच्या असतील तर डिसेंबरात जाऊ या." ठाण्याच्या फ्रीजरचीही तीच कथा. बेत सध्या डिसेंबरचा आहे.